टोचून बोललेले चार शब्द आणि अतिदक्षता विभाग

बाळ खरं नव्हतं, सरावासाठीचा पुतळा होता. डॉक्टर आणि परिचारिका मात्र खऱ्या, रोज नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात ड्यूटी करणाऱ्या. इस्रायलमधल्या संशोधकांनी अशा ३९ पथकांकडून गंभीर बाळावर उपचार करण्याचा सराव करून घेतला. काही पथकांना ‘बाळाची आई’ मध्येच चार शब्द टोचून बोलली. त्या बोलण्याचा त्यांच्या कामाशी काही संबंध नव्हता, शिवीगाळ तर दूरच. नंतर परीक्षकांनी गुण दिले; कोणाला काय ऐकावं लागलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोलणी खाल्लेली पथकं निदानात आणि उपचारात मागे पडली. एकमेकांना माहिती देणं, मदतीला धावणं हेही कमी झालं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मला यातली माहिती देणं आणि मदत करणं कमी होण्याची गोष्ट सर्वांत काळजीची वाटते. “डोस किती गेला?” “अर्धा, आत्ताच.” अतिदक्षता विभाग अशा तुटक वाक्यांवर चालतो. काम करताना औषधाचं प्रमाण, मघाचा रक्तदाब, पुढची पायरी हे सगळं मेंदू तात्पुरतं धरून ठेवतो आणि ही जागा फार तोकडी असते. अपमान झाला की ‘माझं काय चुकलं?’ हा विचार त्याच जागेत येऊन बसतो. मग विचारायचं राहून जातं, सांगायचं राहून जातं.

हे नुसत्या टोमण्यांचं झालं. २०१९ मध्ये जगभरातल्या २५३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे ६२ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांनी वर्षभरात रुग्ण किंवा नातेवाइकांकडून कुठली ना कुठली हिंसा सोसल्याचं सांगितलं. शारीरिक हल्ला झालेले सुमारे २४ टक्के होते.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या मांडली. हा आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या, सततच्या ताणातून येणारी अवस्था, असं ती म्हणते. त्याच्या तीन खुणा आहेत: गळून जाणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मधली खूण हिंसेशी जोडलेली दिसते. एकदा थप्पड खाल्लेली सिस्टर पुढच्या वेळी खाटेपासून पाऊलभर लांब उभी राहते, तुटक उत्तरं देते. नातेवाइकांना ती बेफिकिरी वाटते आणि त्यांचा राग आणखी चढतो.

आपण उपाय शोधतो ते घटना घडून गेल्यावरचे: समुपदेशन, प्राणायाम, दोन दिवस रजा. पण इस्रायलच्या त्याच प्रयोगात, झालेला प्रसंग नंतर लिहून काढण्याचा लक्षणीय उपयोग दिसला नाही. बोलणी मनाला कमी लागावीत म्हणून आधीच करून घेतलेल्या एका सरावाने मात्र बरंचसं नुकसान टळलं.

अमेरिकेतल्या ७ रुग्णालयांत आणखी साधी गोष्ट करून पाहिली गेली. निवडक वॉर्डांना त्यांच्याकडच्याच हिंसेच्या नोंदी दाखवल्या आणि योजना त्यांनाच आखायला सांगितली. सहा महिन्यांनी तिथल्या घटना इतर वॉर्डांपेक्षा कमी झाल्या होत्या. या संशोधकांनी अशा नोंदी आधी बारकाईने वाचल्या, तेव्हा हल्ल्यांच्या आगेमागे सुया, वेदना, रुग्णाला एका जागेवरून दुसरीकडे हलवणं, बांधून ठेवणं, असे प्रसंग सापडले होते. म्हणजे धोका कुठे आहे हे वॉर्डाला आधी कळू शकतं, पण नोंद असेल तरच. त्यांच्याच दुसऱ्या पाहणीत हिंसा सोसलेल्यांपैकी ८८ टक्के जणांनी ती रुग्णालयाच्या यंत्रणेत नोंदवलीच नव्हती. ओरखडलेल्या हातावर बाही ओढून सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली, की कागदावर तो वॉर्ड शांत दिसतो.