गण पाडणे

पद्याच्या चरणातील अक्षरांचा लघु-गुरू (एक मात्रेचे ते लघु, दोन मात्रांचे ते गुरू; मात्रा म्हणजे उच्चारकालाचे एकक) क्रम लावून, त्यांचे तीन-तीन अक्षरांचे गट म्हणजे गण करून वृत्त ओळखण्याची रीत. यती (चरणातील विराम) व यमक यांचा विचार तिला जोडूनच येतो. आठ गणांसाठी रूढ असलेल्या ‘यमाताराजभानसलगं’ या सूत्रात गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्या गणाचा क्रम मिळतो. परंपरा हे सूत्र प्राचीन छंदःशास्त्रकार पिंगलाचे मानते. तथापि त्याच्या छंदःसूत्र या ग्रंथात ते आढळत नसल्याने ते उत्तरकालीन असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सातारा जिल्ह्यात चाफळ व सज्जनगड येथे वास्तव्य केलेल्या समर्थ रामदासांचे (मृ. १६८२) मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, म्हणजे चार य-गणांच्या (लघु, गुरू, गुरू) बारा अक्षरी वृत्तात आहेत. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या चरणात स आणि भ ही ऱ्हस्व अक्षरे पुढील जोडाक्षराच्या आघातामुळे, तर पं हे उच्चारित अनुस्वारामुळे गुरू होते. हा संस्कृत नियम मराठीत मात्र सरसकट चालत नाही. ‘तुम्ही’, ‘तुझ्या’, ‘दुसऱ्या’ यांत मागील अक्षरावर आघात येत नाही, म्हणून तु आणि स लघूच राहतात. जुन्या पोथ्यांतील अनुच्चारित अनुस्वारांनीही मात्रा वाढत नाही. येथे लेखनापेक्षा कान प्रमाण मानावा लागतो. उलट वृत्तासाठी लेखनही वाकते: रामदासांच्याच करुणाष्टकांतील ‘अनुदिनि अनुतापे तापलो रामराया’ या मालिनी वृत्ताच्या चरणात (न न म य य, आठव्या अक्षरावर यती) ‘नि’ ऱ्हस्व ठेवला नाही तर दुसरा न-गण मोडतो.

यमकाच्या परीक्षणात वामन पंडित (सतरावे शतक) टाळता येत नाहीत. त्यांची समाधी वाईजवळ भोगाव येथे दाखवितात. त्यांच्या नावावरील सर्व रचना एकाच वामनाची नसावी, असे काही अभ्यासकांना वाटते.

अभंगाला गण लागत नाहीत. त्यात अक्षरसंख्या मोजतात: मोठ्या अभंगात ६, ६, ६, ४ अशी, आणि यमक बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत असते. माधव जूलियन यांनी ‘छन्दोरचना’ या ग्रंथात छंद (अक्षरसंख्येवर), जाती (मात्रांवर) व वृत्त (गणांवर आधारलेले) असे वर्ग मानून ही भिन्नता शास्त्रशुद्धपणे मांडली.

सांगलीजवळील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या काळातील संगीत नाटकांत साकी (१६ + १२ मात्रा) व दिंडी (९ + १० मात्रा) या जाती प्रचलित होत्या. त्यांचे परीक्षण मात्रांनी होते.