मुंबई विद्यापीठ: आधी परीक्षा, मग वर्ग

निकाल लांबले की मुंबई विद्यापीठ बातम्यांत येतं. तिथल्या विभागांत काय शिकवलं जातं, कोणतं संशोधन चालतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. याचं मूळ विद्यापीठाच्या जन्मातच आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, हिंदुस्थानात विद्यापीठं काढायला सांगितलं, तेव्हा डोळ्यांसमोर होतं लंडन विद्यापीठ. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. उत्तरेत उठावाचा वणवा पेटलेला असताना, १८ जुलै १८५७ रोजी, मुंबई विद्यापीठ याच धर्तीवर स्थापन झालं. त्याला ना स्वतःचे वर्ग, ना स्वतःचे प्राध्यापक. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांच्या संस्कृत संशोधनाची कीर्ती पुढे युरोपपर्यंत गेली, ते विद्यापीठाचे कुलगुरूही झाले; पण त्यांचं अध्यापन कॉलेजांतलं. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ पर्यंत ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. पुस्तकं आली, वर्ग नाहीतच.

विद्यापीठांनी स्वतः शिकवावं, संशोधन करावं, याला १९०४ च्या कायद्याने वाट करून दिली. तरी मुंबईत समाजशास्त्राचा विभाग सुरू व्हायला १९१९ उजाडलं. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडेस, मुळात जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनेचे जाणकार. शहर हीच त्यांची प्रयोगशाळा. त्यांच्यानंतर केंब्रिजहून आलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी विभाग घडवला. जात, नातेसंबंध, आदिवासी, साधू अशा विषयांवर ते स्वतः लिहीत राहिले आणि विद्यार्थ्यांनाही लिहितं केलं. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. रा. देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. भारतीय समाजशास्त्राची एवढी मोठी फळी एका विभागातून निघावी, ही गोष्ट विद्यापीठाची ओळख करून देताना सगळ्यात आधी सांगायला हवी असं मला वाटतं.

दुसरा धागा गिरण्यांचा. कापड रंगवायला, त्यावर प्रक्रिया करायला रसायनशास्त्र जाणणारी माणसं हवी होती. १९३३ मध्ये विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तोच ‘यूडीसीटी’. १९३८ पासून के. वेंकटरामन त्याचे संचालक होते. रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रात त्यांचं नाव आजही एका अभिक्रियेला जोडलेलं आहे. रसायन अभियंते एम. एम. शर्मा आणि रघुनाथ माशेलकर इथलेच. २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः पदव्या देण्याचा, दर्जा मिळाल्यावर ही संस्था विद्यापीठापासून स्वतंत्र झाली.

दरम्यान पुणे, गुजरात, कर्नाटक ही नवी विद्यापीठं निघाली, तिकडची कॉलेजं त्यांच्याकडे गेली आणि मुंबईचा पसारा आटला होता. पुढे कलिन्याला विद्यानगरी झाली, विभागांना जागा मिळाली. संलग्न कॉलेजांची संख्या मात्र वाढतच गेली आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांपुढे विभाग मागे पडले, असं माझं मत आहे.

आता राज्यातल्या विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. स्वायत्त कॉलेजं परीक्षा स्वतःच घेतात. पदवी तेवढी विद्यापीठाची. ज्या कामासाठी १८५७ मध्ये विद्यापीठ जन्माला आलं, ते थोडं थोडं कॉलेजांकडे चाललं आहे.