एलियनयुद्धाचा दुसरा भाग (स्पेस ऑपेरा)

अंतराळयानांचे ताफे, ताऱ्याताऱ्यांवर पसरलेली साम्राज्यं आणि सगळ्या मानवजातीच्या जिवावर बेतणाऱ्या लढाया, असा मामला ज्या विज्ञानकथेत असतो तिला स्पेस ऑपेरा म्हणतात. त्यातही माणूस विरुद्ध एलियन ही लढाई पहिल्या भागात एकदा संपवून झाल्यावर पुन्हा पेटवणारा जो सीक्वेल असतो, त्याच्याबद्दल ही नोंद आहे. ऑपेरा शब्दाचा इथे गाण्याशी काही संबंध नाही. १९४१ साली विल्सन टकर या लेखकाने एका फॅनझिनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या हौशी मासिकात, हा शब्द वापरला तो नावं ठेवायला, म्हणजे रेडिओवरच्या रडक्या मालिकांना सोप ऑपेरा म्हणायचे, काउबॉयच्या गोष्टींना हॉर्स ऑपेरा म्हणायचे, तर त्याच चालीवर त्याच त्याच रॉकेटवाल्या गोष्टींना त्याने स्पेस ऑपेरा म्हटलं. नंतर शब्दातला राग गेला आणि नाव तेवढं राहिलं.

दुसरा भाग लिहिणाऱ्याची अडचण समजून घ्यायची तर पहिला भाग कसा चालतो ते बघावं लागतं. पहिल्या भागात शत्रू अनोळखी असतो, तो कुठून आला, त्याला काय हवंय, तो मरतो कशाने, हे कुणालाच माहीत नसतं आणि भीती सगळी तिथूनच येते. शेवटी त्याची एखादी कमजोरी सापडते आणि माणूस वाचतो. आता दुसऱ्या भागात तोच शत्रू परत आणला तर तो ओळखीचा झालेला असतो, त्याचं मर्म कुठे आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. मग मुख्यतः दोन वाटा उरतात, एकतर शत्रू अजून मोठा करायचा नाहीतर त्याला अजून नीट समजून घ्यायचं. माझ्या मते या प्रकारातलं जे काही टिकलंय ते बहुतेक दुसऱ्या वाटेवरचं आहे.

तिसरी एक जुनी वाट होती, उलटा हल्ला. एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी १८९७ मध्ये क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तक निघालं, त्यात मंगळवासी शेवटी माणसाच्या हातून हरत नाहीत, पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. पण लोकांना बदला हवा होता. १८९८ च्या सुरुवातीलाच न्यूयॉर्कच्या एका दैनिकात गॅरेट सर्व्हिस यांची 'एडिसन्स कॉन्क्वेस्ट ऑफ मार्स' ही मालिका सुरू झाली, आणि ती मूळ कादंबरीची नव्हे तर वेल्सला न विचारता फिरवून छापलेल्या अमेरिकन आवृत्तीची पुढची गोष्ट होती. यात खुद्द थॉमस एडिसन मंगळवासीयांची मागे राहिलेली यंत्रं अभ्यासून विजेवर चालणारी यानं आणि वस्तूचा पार भुगा करणारं हत्यार बनवतो, मग माणसांचा ताफा मंगळावर चालून जातो आणि कालव्यांचं पाणी सोडून तिथल्या बहुतेक वस्तीला बुडवून टाकतो. अंतराळातली लढाई, हवाबंद पोशाख, किरणांची शस्त्रं हे सगळं त्यात आहे आणि तेही विमान उडायच्या आधी, म्हणून इतिहासात तिचं स्थान मोठंच आहे, पण तो शेवटचा विजय आज वाचताना घशाखाली उतरत नाही.

शत्रू मोठा करत नेण्याची सवय लावली ई. ई. स्मिथ यांनी. त्यांची 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' १९२८ मध्ये अमेझिंग स्टोरीज मासिकात आली आणि १९३० मध्ये तिचा पुढचा भाग 'स्कायलार्क थ्री', ज्यात फेनाक्रोन नावाची आख्खी आकाशगंगा जिंकायला निघालेली जमात येते आणि शेवटी त्यांचा ग्रहच्या ग्रह नष्ट होतो. इथून पुढे प्रत्येक भागात यान मोठं, किरण जास्त ताकदीचे, नुकसान अजून भयंकर, हे गणित जे बसलं ते सिनेमात आजही तसंच चालू आहे. १९९६ च्या 'इंडिपेन्डन्स डे'चा सीक्वेल २०१६ मध्ये आला त्यात शत्रूचं यान इतकं अवाढव्य आहे की ते अटलांटिक महासागरावर उतरतं, पण आकार वाढला म्हणून भीती वाढत नाही, एका हद्दीनंतर माणसाचं मन तो आकार पकडूच शकत नाही. याउलट 'एलियन' (१९७९) मध्ये एका यानात एकच प्राणी होता, जेम्स कॅमेरॉनच्या 'एलियन्स' (१९८६) मध्ये शेकडो झाले, भयपटाचा युद्धपट झाला, पण तो जमला तो शेकड्यांमुळे नाही तर राणीमुळे, कारण ती अंडी राखतेय हे कळल्यावर समोरच्या प्राण्याच्या वागण्याला पहिल्यांदा कारण मिळतं, आणि तिच्यासमोर उभी असलेली बाईसुद्धा एका लहान मुलीलाच वाचवत असते.

भौतिकशास्त्राकडे या प्रकाराने बरंच दुर्लक्ष केलंय. पोकळीत आवाज जात नाही, यानाची उष्णता फक्त किरणांच्या रूपानेच बाहेर टाकता येते म्हणून लपून बसणं फार अवघड, आणि एकदा घेतलेला वेग मारायला तेवढीच ऊर्जा परत लागते. पण खरी गोष्ट आहे ती अंतराची. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तिथे हरलेल्या लढाईची बातमी इथे यायला चार वर्षांहून जास्त लागणार आणि मदत त्याच्याही नंतर. ज्या लेखकांनी हे मनावर घेतलं त्यांना दुसऱ्या भागासाठी शत्रू फुगवावा लागला नाही.

व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या जो हाल्डमन यांच्या 'द फॉरएव्हर वॉर' (१९७४) मध्ये प्रकाशवेगाजवळच्या प्रवासामुळे सैनिकाची काही वर्षं जातात तेवढ्यात पृथ्वीवर शतकं उलटतात, आणि ११४३ वर्षांचं युद्ध मुळात गैरसमजातून सुरू झालं होतं हे शेवटी कळतं. तिचा थेट पुढचा भाग १९९९ मध्ये आला, तो लढाईचा नाही, लढून उरलेल्या आणि आपल्याच माणसांत परके झालेल्या जुन्या सैनिकांचा आहे.

चिनी लेखक ल्यू त्सिशिन यांच्या मालिकेतला २००८ चा दुसरा भाग 'द डार्क फॉरेस्ट' मला या सगळ्यात सर्वांत पक्का वाटतो. शत्रूचा ताफा निघालाय आणि पोचायला चारशेहून जास्त वर्षं आहेत, म्हणजे आज तयारी करणाऱ्यांपैकी जवळपास कुणीच ती लढाई बघणार नाही. त्यात प्रोटॉनएवढे हेर आधीच येऊन बसलेत, ते बोललेलं ऐकतात, लिहिलेलं वाचतात, मूलभूत संशोधन पुढे सरकू देत नाहीत, फक्त मनातला विचार त्यांना वाचता येत नाही. म्हणून चार माणसं निवडून त्यांना अफाट अधिकार देतात आणि सांगतात की योजना मनातच ठेवा, कुणालाही, अगदी जवळच्यालाही कळू देऊ नका. युद्ध असं एकट्या डोक्यात नेऊन ठेवल्यावर यानं मोठी करायची गरजच राहिली नाही.

समजून घेण्याच्या वाटेवर सगळ्यात लांब गेले ते ऑर्सन स्कॉट कार्ड. १९८५ च्या 'एंडर्स गेम'मध्ये एक मुलगा सराव समजून खरी लढाई जिंकतो आणि किड्यांसारखी एक आख्खी जमात संपवतो. १९८६ चा 'स्पीकर फॉर द डेड' सुरू होतो तीन हजार वर्षांनी, पण वेगवान प्रवासामुळे तोच मुलगा आता फक्त मध्यमवयीन माणूस झालाय, आणि जगात त्याचं नाव हत्यारा म्हणूनच घेतात. त्याच्यासोबत ग्रहामागून ग्रह फिरतोय एक कोश, त्यात त्या जमातीची शेवटची राणी जिवंत आहे आणि तो तिच्यासाठी जागा शोधतोय. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे पुरस्कार या दोन कादंबऱ्यांना लागोपाठच्या वर्षी मिळाले.