परदेशीयांविषयीचे साचेबंद समज व प्रत्यक्ष परिचय (मराठवाडा)

एका देशाची सगळी माणसे एकाच स्वभावाची, असे त्यांना न पाहताच धरून चालणे म्हणजे साचेबंद समज. युरोपीय भाषांतील मूळ संज्ञा (स्टीरिओटाइप) छापखान्यातल्या ओतीव ठशाची. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये ती मनातल्या प्रतिमांना लावली. ओळखीने असे समज ढिले होतात, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले. मात्र समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा अशा अटीही त्यांनी घातल्या. मराठवाड्यापुरती तरी यांतली पहिली अट सर्वांत अवघड ठरली आहे.

पैठण व तेर (प्राचीन तगर) यांचा भडोचमार्गे चालणारा व्यापार इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंदलेला आहे. तेरला रोमन धर्तीच्या वस्तू सापडल्या. पण मद्यकुंभ पोहोचला म्हणजे मद्य विकणारा पोहोचलाच, असे होत नाही. ‘यवन’ हा शब्द आयोनियन ग्रीकांचा. तो पुढे कोणाही पश्चिमेकडच्या माणसाला आणि मराठीत अखेर मुसलमानांना लागला.

अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मधील ‘इराणी वकिलाती’चा वाद येथे महत्त्वाचा आहे. टोकदार टोप्या घातलेल्या दाढीवाल्या पुरुषांचे हे चित्र चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारातील इराणचा राजा खुसरो दुसरा याच्या वकिलाचे, असे वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये सुचवले. अरबी भाषेत लिहिणाऱ्या तबरी या इतिहासकाराच्या ग्रंथात या दोन राजांच्या पत्रव्यवहाराचा उल्लेख असल्याने हे मत दीर्घकाळ टिकले. तथापि कलेचे इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या कालक्रमानुसार हे लेणे वाकाटक हरिषेणाच्या काळचे, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पुलकेशी त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी झाला. अजिंठ्याच्या चित्रांचे अभ्यासक श्लिंगलॉफ यांनी हा प्रसंग महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेतला मानला आहे, आणि तेच अधिक पटते. याच लेण्याच्या छतावर रंगवलेला, पेला धरून बसलेला परदेशी मात्र वेगळा विचार करायला लावतो. त्याच्या पायातले पट्ट्यापट्ट्यांचे मोजे इतक्या बारकाईने रंगवले आहेत की चित्रकाराने असे मोजे कुठेतरी पाहिले असावेत. मोजे पाहिलेले, पण माणूस पुन्हा दारूचा पेला घेतलेलाच; म्हणजे बारकावा नजरेचा आणि प्रसंग बहुधा ठरीव.

प्रत्यक्ष भेटीने समज कितपत बदलतो, याचा लिखित पुरावा मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) याच्याबाबत मिळतो. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा वजीर झाला; त्याने १६१० च्या सुमारास खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली. जहांगीर त्याला कधी भेटला नाही. जहांगीरच्या आत्मचरित्रात अंबरच्या रंगावरून शिव्याच आहेत, आणि त्याचा दरबारी चित्रकार अबुल हसन याच्या चित्रात जहांगीर भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडताना दिसतो. उलट डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुक १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला. त्याने रंगाचा उल्लेख ‘काफिर’ (तेव्हा आफ्रिकी माणसांना लावला जाणारा शब्द) या शब्दासह केलाच. पण करारी रोमन चेहरा, उंच बांधा, चोरांना कडक शिक्षा आणि सोने घेऊनही निर्धास्त प्रवास करता येईल असा मुलूख, हेही लिहिले. शब्द जुनाच राहिला, मजकूर बदलला. अर्थात येथेही दर्जा समान नव्हता: छावणीत यजमान हबशी होता आणि पाहुणा युरोपीय.

अलीकडच्या काळात येथील विद्यापीठात (स्थापना १९५८) येमेन व इतर देशांतून विद्यार्थी येत आले आहेत. ‘अरब म्हणजे तेलाचा पैसा’ हा शहरातला समज भाजी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणाऱ्या येमेनी विद्यार्थ्यापुढे फार टिकत नाही. अजिंठा–वेरूळच्या जपानी बोलणाऱ्या गाइडांचा परिचय पर्यटनापुरता, काही तासांचा. किरायाच्या खोलीतला परिचय लांबतो. परंतु परदेशी किरायेदाराची माहिती घरमालकाला २४ तासांत सरकारकडे कळवावी लागते, त्यामुळे तिथे ओळख नावाआधी पासपोर्टवरच्या देशापासून सुरू होते.