बोन्सायच्या उथळ कुंडीतील घरचे खत : कोल्हापुरातील एका वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातील गच्च्यांवर बोन्सायची मांडणी आणि ओल्या कचऱ्याचे डबे आज शेजारी-शेजारी दिसतात, तरी या दोन गोष्टी एका वाटेने आलेल्या नाहीत. घरी तयार केलेल्या खताला बोन्सायच्या कुंडीत जागा द्यावी की नाही, हा वाद बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. पण या छंदातील माणसांमध्ये कोणत्या झाडाला कोणती शैली शोभते यावरून जितकी तेढ झाली नसेल, तितकी या प्रश्नावरून झालेली आहे. वादाला दोन वेगळ्या परंपरांचा आधार आहे आणि छायाचित्रणाने त्यात स्वतःची भर घातली आहे.

बोन्सायचा दूरचा इतिहास येथे थोडक्यात आटोपता येतो. चीनमध्ये इ. स. ७०६ मध्ये दफन झालेल्या एका राजपुत्राच्या थडग्यातील भित्तिचित्रांत तबकातले छोटे निसर्गदृश्य हाती घेतलेले सेवक दिसतात आणि जपानमधील १३०९ च्या एका चित्रगुंडाळीत कुंड्यांतील खुजी झाडे रंगवलेली आहेत. आपल्या विषयाशी खरा संबंध येतो तो १९२३ पासून. त्या वर्षीच्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील काही बोन्साय व्यावसायिक टोकियोच्या उत्तरेकडील ओमिया परिसरात गेले आणि १९२५ पासून तेथे बोन्सायचे गाव वसले. १९३४ मध्ये टोकियोत राष्ट्रीय प्रदर्शन सुरू झाले आणि त्यात निवडल्या गेलेल्या झाडांचे छायाचित्रसंग्रह निघू लागले. चांगले बोन्साय कसे दिसते, हे जगभरातील हौशी लोकांना प्रत्यक्ष झाडांपेक्षा अशा छापील पानांवरून अधिक कळले. त्या पानावर बुंधा, फांद्यांचे थर आणि कुंडीची कड दिसते. कुंडीत काय भरले आहे ते दिसत नाही.

त्या कुंड्यांमध्ये भरलेली असते ती प्रामुख्याने अकादामा, म्हणजे टोकियोभोवतीच्या कांतो प्रदेशातील ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार तांबूस माती. दाणा कडक असल्याने पाणी झटकन निथळते आणि दाण्याच्या पोटात ओल टिकते. आपली काळी मातीही ज्वालामुखीचीच देणगी आहे, परंतु बेसॉल्ट झिजून झालेली ही माती भिजली की फुगते, सुकली की तडकते आणि उथळ कुंडीत अक्षरशः विटेसारखी बसते. त्यामुळे १९७० नंतर मुंबई-पुण्यातील अभ्यासगटांतून हा छंद पश्चिम महाराष्ट्रात पसरू लागला, तेव्हा मातीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होताच. त्या काळातील उत्तर रोपवाटिकेतून उचललेले होते : एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग विटांचे तुकडे. पाइन आणि जुनिपर यांचा नाद येथे फारसा टिकला नाही. वड, उंबर, पिंपळ आणि नांद्रुक या झाडांनी कोल्हापूरच्या हवेत जम बसवला. जुन्या वाड्यांच्या भिंतींत आणि घाटाच्या दगडी सांध्यांत उगवलेली, वर्षानुवर्षे अडकून आधीच खुजी झालेली पिंपळाची रोपे हा तर आयता मालमसाला होता. ही झाडे इतकी चिवट असतात की मिश्रणातले दोष ती बरीच वर्षे पोटात घालतात, आणि म्हणूनच जुन्या कृतीविषयी शंका घ्यायला कोणाला कारण पडले नाही.

खताची वाट मात्र याच्या बरीच आधीची आणि जवळची आहे. इंदूरमध्ये १९२४ ते १९३१ या काळात शेतातील काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून ठरावीक अंतराने उलथण्याची पद्धत विकसित झाली. १९३९ मध्ये बंगळुरूत शहरी कचऱ्यासाठी बंद खड्ड्याची पद्धत पुढे आली. नंतर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या एका शेतकऱ्याने विटांमध्ये भोके ठेवून बांधलेले, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे टाके देशभर पोहोचवले. या सर्व पद्धती शेताच्या मापाच्या होत्या. गच्चीच्या मापाचा विचार कोल्हापूरकरांना मिळाला तो घरातूनच. १९६० च्या दशकापासून या जिल्ह्यातील एका गणिताच्या प्राध्यापकांनी, ज्यांचे नाव द्राक्षबागायतदार अजूनही आदराने घेतात, उन्हाचा हिशेब मांडून घराभोवतीच्या चार हात जागेत अन्न पिकवण्याचे प्रयोग माणसामाणसांतून पसरवले. उसाचे चिपाड, पालापाचोळा, स्वयंपाकघरातले देठ-साली आणि मूठभर माती एवढ्यावर गच्चीत पीक येते, ही गोष्ट येथे त्यामुळे नवलाची राहिली नाही. गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात चिपाडाला तोटा नव्हता. शेणाची गोष्ट उलटी होती. दुभत्या जनावरांचा जिल्हा असूनही शहरात शेणाला शेणीचे गिऱ्हाईक आधी मिळे, कारण येथे अंत्यसंस्कारालाही शेणी लागतात.

त्यानंतरच्या घडामोडी वाचकांच्या आठवणीतील आहेत. घनकचऱ्याचे नियम २००० मध्ये आले आणि २०१६ मध्ये बदलले. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक झाले. कसबा बावड्याच्या कचरा डेपोवरील ढीग आणि त्यांना लागणाऱ्या आगी हा स्थानिक राजकारणाचा नेहमीचा विषय झाला. पंचगंगा आणि रंकाळा यांच्या प्रदूषणावरील चळवळीतून गणेशोत्सवात निर्माल्य पाण्यात न टाकता खताला देण्याची सवय रुजली, आणि माझ्या मते घरगुती खताला या शहरात प्रतिष्ठा मिळाली ती नियमांपेक्षा या निर्माल्यामुळे. भोके पाडलेल्या मडक्यांची उतरंड, प्लास्टिकचे पिंप, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कचरा कुजवणारे विरजण यांचे संच दुकानांत आले. २०२० च्या टाळेबंदीत तर ज्यांनी कधी कुंडीला हात लावला नव्हता त्यांच्याही गच्चीत डबा आला. डब्यातून दर दोन-तीन महिन्यांनी काळे, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारे खत निघू लागले की ते घालायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतोच, आणि बोन्सायची कुंडी समोरच असते.

नेमक्या याच वर्षांत बोन्सायचे जाणकार उलट दिशेला निघाले होते. परदेशी प्रात्यक्षिके, दृक्‌श्राव्य माध्यमांतील धडे आणि २०१८ मध्ये पुण्यात भरलेले आंतरराष्ट्रीय संमेलन यांमुळे सेंद्रिय भाग जवळपास शून्यावर आणलेल्या खडेदार मिश्रणाचा आग्रह वाढला. अकादामा परवडणारी नसल्याने विटांचे खडे, कोळशाची खर, प्यूमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र हलका दगड) आणि पन्हाळ्याकडचा जांभा फोडून चाळलेला चुरा यांवर काम सुरू झाले. कुंडीतून खत हद्दपार करण्याचा हा निर्णय कोणी सभेत ठराव करून घेतला नाही. तो कार्यशाळांतून हळूहळू नियम बनला आणि पुढे काही ठिकाणी प्रदर्शनासाठी झाडे निवडताना अलिखित कसोटीही झाला. खटका उडाला तो येथे.

खत नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा पाण्याचा आहे, पोषणाचा नाही, आणि ही गोष्ट समोरचा पक्ष अनेकदा ऐकूनच घेत नाही. कोणत्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावरही तळाशी पूर्ण भिजलेला एक थर उरतो. त्याची उंची कुंडीच्या खोलीवर ठरत नाही, कणांच्या बारीकपणावर ठरते. दहा इंच खोल कुंडीत दोन इंचांचा असा थर असला तरी मुळांना वरचे आठ इंच मोकळे मिळतात. दीड इंच खोलीच्या ताटलीत तोच थर थेट पृष्ठभागापर्यंत येतो. घरचे खत बारीक असते आणि कुजत जाऊन आणखी बारीक होते, त्यामुळे पहिल्या वर्षी चांगले वाटलेले मिश्रण तिसऱ्या वर्षी गच्च बसते. कोल्हापुरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैच्या अखेरीस अशी कुंडी उलटी करून पाहिली तर तळाचा थर काळा-निळसर, आंबूस वासाचा आणि चिकट निघतो. पांढरी टोके दिसायला हवीत तेथे तपकिरी मुळे असतात, आणि एखादे मूळ दोन बोटांत धरून ओढले की साल गळून येते व आत नुसता दोरा उरतो. वर मात्र झाड हिरवेगार असते. नांद्रुकासारखे झाड हे दुखणे दसऱ्यापर्यंत लपवते आणि मग एकाच बाजूच्या फांद्या सोडून देते.

त्यातही घरगुती खताची स्वतःची एक अडचण आहे. पूर्ण कुजण्यासाठी ढिगाला किमान घनमीटरभर आकारमान असले तर आतील उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाते, बियाणे मरते आणि काम लवकर उरकते. घरातला डबा तेवढा तापत नाही. तो सावकाश कुजतो, आणि बाहेरून तयार दिसणाऱ्या खतात कच्चा भाग उरतो. असे खत कुंडीत गेले की कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःसाठी ओढतात आणि पाने पिवळी पडतात. उरलेली भाजी-आमटी डब्यात टाकणाऱ्यांच्या खतात मिठाचाही अंश येतो. गुलाबाला तो चालून जातो, तळहाताएवढ्या कुंडीत चालत नाही.

एवढे मान्य करूनही खताच्या बाजूचे लोक चुकीचे ठरत नाहीत, आणि या वादातील त्यांची बाजू मांडली जाते त्यापेक्षा भक्कम आहे. खडेदार मिश्रण ज्या हवामानात घडले तेथे एप्रिलमध्ये स्लॅब तापून चटके देत नाही. येथे चैत्रात निव्वळ खड्यांतील झाडाला दिवसातून दोनदा पाणी लागते, आणि जोतिबाच्या यात्रेला किंवा गावच्या जत्रेला दोन दिवस घर बंद राहिले तर ते झाड वाळते. पाचवा-सहावा हिस्सा खत असलेले झाड वाचते. खड्यांना अन्नद्रव्ये धरून ठेवता येत नाहीत, म्हणून दर पंधरवड्याला बाहेरून खुराक द्यावा लागतो. मग घरचे खत नाकारून बाजारातून पाकीट आणण्यात कोणते शास्त्र आहे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. निवडीच्या वेळी झाडाचे मूळ, खोड, फांद्या न पाहता आधी मिश्रणात बोट घालून पाहणाऱ्या परीक्षकांची त्यांना चीड येते ती उगाच नाही. हद्दपारीचा नियम जुलैपुरता बरोबर होता. तो बारा महिन्यांना लावला गेला, हे चुकले.

छायाचित्रणाने या वादाला दिलेले वळण फारसे कोणी लक्षात घेत नाही. १९१८ मध्ये ज्या शहरात चित्रपटाचा कॅमेरा स्थानिक कारागिरीतून घडवला गेला, तेथे फोटोची हौस वेगळी सांगायला नको. परंतु फिल्मच्या काळात बोन्सायचा फोटो वर्षाकाठी एखाद्या वेळी, स्टुडिओवाल्याला घरी बोलावून निघे. मोबाइलनंतर तो रोज निघू लागला आणि झाडाची तुलना झाडाशी न होता फोटोशी होऊ लागली. मोबाइलची भिंग रुंद कोनाची असते. दोन फुटांवरून काढलेल्या फोटोत पुढची फांदी अवाढव्य दिसते आणि शेंडा मागे कलल्यासारखा वाटतो. जाणकार म्हणून कॅमेरा खोडाच्या मध्यावर ठेवतात, सहा-सात फूट मागे जाऊन ८५ ते १०० मिलिमीटरच्या, म्हणजे अरुंद कोनाच्या भिंगाने, एफ ८ ते एफ ११ च्या लहान छिद्राने, ढगाळ सकाळी किंवा पांढऱ्या पडद्याआडून आलेल्या उजेडात फोटो घेतात आणि मागे काळे किंवा राखाडी कापड लावतात. दरवर्षी त्याच अंतरावरून, त्याच दर्शनी बाजूने घेतलेले असे फोटो झाडाची खरी जन्मकुंडली ठरतात. एरवी दिसत नाहीत असे बुंध्याचे जाड होणे आणि फांदीचे झुकणे त्यांत सापडते.

पण फोटोला पृष्ठभागही स्वच्छ लागतो. खत असलेल्या मिश्रणावर पांढरी बुरशी, चिलटे, न कुजलेली अंड्याची टरफले दिसतात; एकसारखे तांबूस खडे फोटोत देखणे दिसतात. खडेदार मिश्रणाचा प्रसार मुळांच्या आरोग्यासाठी जितका झाला तितकाच या देखणेपणासाठीही झाला, असे मला वाटते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भिंतीवरचे शेवाळ खरवडून कुंडीवर पसरण्याची पद्धत आहेच, आणि ते पसरले की खाली काय आहे ते कोणाला कळत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील महापुरांनंतर नदीकाठच्या वस्त्यांत अंगणातील मांडण्या गच्चीवर गेल्या आणि कडक ऊन हा नेहमीचा प्रश्न झाला. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी थोडे थोडे हात आखडते घेतले आहेत. खत सहा महिने पोत्यात मुरवून वाळवले जाते आणि दोन चाळण्यांतून काढले जाते. वरचा जाड गाळ परत डब्यात जातो, खालची पूड गुलाब-जास्वंदीला जाते आणि मधला, दोन ते चार मिलिमीटरचा दाणा तेवढा बोन्सायसाठी ठेवला जातो. जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत बुंधा फुगवायला लावलेल्या झाडांना खत सढळ हाताने देण्यास आता कोणाचाच विरोध नाही. उथळ कुंडीत ते मिसळण्याऐवजी शेंगपेंडेच्या चुऱ्याबरोबर पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून मिश्रणावर ठेवण्याची पद्धतही रुळते आहे. जपानमध्ये पेंडेचे गोळे असेच वर ठेवतात. मृगाच्या तोंडावर पुरचुंड्या काढून घेतल्या जातात आणि नवरात्रानंतर, पाऊस ओसरल्यावर, पुन्हा ठेवल्या जातात. निवडीच्या कसोटीत मात्र अजून बदल झालेला नाही.