शैक्षणिक कर्जाचा हप्ता झेपत नाही: अर्ज कोणता, कधी आणि कुठे

बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी सोसायटीतली मुलं कागद घेऊन घरी येतात. प्रश्न ठरलेला असतो. "काका, शैक्षणिक कर्ज माफ होतं का हो?"

नाही होत. २०१७ आणि २०१९ साली महाराष्ट्रात कर्जमाफी झाली ती शेतकऱ्यांच्या कर्जाची. शैक्षणिक कर्ज सरसकट माफ करणारी कुठलीही योजना ना केंद्राची आहे, ना महाराष्ट्राची. तरी अफवा दर वर्षी उठते आणि तिच्या मुळाशी तीन वेगवेगळ्या गोष्टींचा गोंधळ असतो.

पहिली, 'राइट ऑफ'. बँकांनी अमुक कोटींची कर्जं राइट ऑफ केली अशी बातमी येते आणि लोकांना वाटतं, सुटलो. राइट ऑफ म्हणजे बँकेने स्वतःच्या ताळेबंदातून ती रक्कम बाजूला काढली, एवढंच. तुमच्याकडची वसुली चालूच राहते. दुसरी, 'क्रेडिट गॅरंटी'. साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जाला केंद्राच्या हमी निधीतून ७५ टक्के संरक्षण असतं. पण ते बँकेला असतं, विद्यार्थ्याला नाही. हमीचे पैसे मिळाल्यावरही बँक तुमच्यामागे लागतेच. तिसरी गोष्ट आहे व्याज अनुदान. ही मात्र खरी सवलत आहे.

आधी सवलतीच्या काळाबद्दल

इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. याला मोरेटोरियम म्हणतात. त्यानंतर परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. मोरेटोरियममध्ये हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ते सरळव्याजाने साठत जातं आणि हप्ता ठरवताना मुद्दलात मिळवलं जातं. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

समजा, इंजिनिअरिंगसाठी ६ लाख घेतले, दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख याप्रमाणे. व्याज १० टक्के धरू. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सवलत, म्हणजे पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. मिळून २ लाख १० हजार. पहिला हप्ता ठरतो तेव्हा कर्ज ६ लाखांचं नसतं, ८ लाख १० हजारांचं असतं. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे १०,७०० रुपये बसतो. तेच व्याज घरच्यांनी शिकतानाच भरत नेलं, तर तो ७,९०० च्या आसपास येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला साडेबाराशे रुपये असतं. तेवढं तरी भरायला सुरुवात करा. शिवाय असं नियमित व्याज भरणाऱ्याला या काळासाठी व्याजदरात एक टक्का सवलत द्यायची तरतूद आदर्श योजनेत आहे. तुमच्या मंजुरीपत्रात ती आहे का ते पाहा आणि नसेल तर विचारा.

पुण्यात आणखी एक प्रकार मी फार पाहिला. मुलगा इंजिनिअर होतो, नोकरी घेत नाही आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीला बसतो. बसावं, जरूर बसावं. पण बँकेच्या लेखी स्पर्धा परीक्षेची तयारी म्हणजे शिक्षण नव्हे. पदवीनंतर वर्ष संपलं की हप्ता सुरू होतो, मग पूर्वपरीक्षा पुढे ढकललेली असो वा नसो. पुढे एमई किंवा एमबीएला रीतसर प्रवेश घेतला असेल तर गोष्ट वेगळी. त्या प्रवेशाचा पुरावा घेऊन सवलत वाढवून मागता येते.

व्याज अनुदान: पात्रता आणि कागद

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल आणि कर्ज आदर्श योजनेखाली शेड्युल्ड बँकेचं (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या बँकेचं) असेल, तर मोरेटोरियममधलं १० लाखांपर्यंतच्या कर्जावरचं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९ पासून आहे. तिचा लाभ एकदाच मिळतो, पदवीसाठी किंवा पदव्युत्तरसाठी.

६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. पण तिथे पूर्ण व्याज नाही, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सवलत आहे आणि तीही मोरेटोरियमपुरतीच. वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना ती मिळते. संस्था सरकारच्या यादीतली हवी, प्रवेश गुणवत्तेवर झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्यांनी इथे वेळ घालवू नये. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत असाल तरीही चालत नाही. शिक्षण अर्धवट सोडलं तर दोन्हीकडे अनुदान थांबतं, वैद्यकीय कारण असेल तर विचार होतो.

इतर मागास प्रवर्गातल्या, महाराष्ट्राच्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. देशात शिकताना १० लाख आणि परदेशासाठी २० लाखांपर्यंतच्या बँक कर्जावर, १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळतं. नावातच 'परतावा' आहे, म्हणजे आधी तुम्ही वेळेवर भरायचं आणि मग मागायचं. थकलेल्या खात्याला त्याचा उपयोग नाही. पुणे जिल्ह्याचं कार्यालय येरवड्यात, विश्रांतवाडी रस्त्यावर आहे.

कागद सगळीकडे साधारण तेच लागतात: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (आपले सरकार किंवा महा ई-सेवा केंद्रातून), आधार, प्रवेशपत्र, फी पावत्या, गुणपत्रिका, कर्जाचं मंजुरीपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं. महामंडळासाठी जातीचा दाखला, रहिवासी दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर. दाखल्यावरचं वर्ष नीट वाचा. मागच्या वर्षीचा दाखला जोडला म्हणून परत आलेले अर्ज मी ढिगाने पाहिलेत.

आणि एक गोष्ट गृहीत धरू नका. दाखला शाखेत दिला म्हणजे अनुदानाचा दावा गेला असं नसतं. वर्षातून एकदा खातेउतारा काढून अनुदानाची रक्कम जमा झाली का ते पाहा. झाली नसेल तर शाखेला पत्र द्या आणि पोच घ्या.

खासगी वित्तसंस्थेचं कर्ज असेल तर यातलं केंद्राचं व्याज अनुदान मिळत नाही. हप्त्याचे नियमही त्यांच्या करारात असतील तेच. अनेक ठिकाणी शिकत असतानाच व्याज भरावं लागतं.

हप्ता झेपत नाही, तेव्हा

नोकरी गेली, रुजू होण्याची तारीख पुढे गेली, पगार हप्त्याला पुरत नाही. अशा वेळी नव्वद दिवसांचं गणित माहीत हवं. हप्ता चुकला की पहिल्या ३० दिवसांत खातं एसएमए-० या धोक्याची सूचना देणाऱ्या गटात जातं, ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२. नव्वद ओलांडले की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. बँकेचा अधिकारी त्याआधी जितकं करू शकतो तितकं नंतर करू शकत नाही. मग माझ्याकडे येणारी दहापैकी आठ मुलं नव्वद दिवस उलटल्यावरच का येतात, कोण जाणे. लाज वाटत असावी.

मागण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. बेकारी किंवा अपुऱ्या पगाराच्या काळात तात्पुरती स्थगिती, जी आदर्श योजनेत कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा देता येते. मुदतवाढ. आणि पुनर्रचना, म्हणजे कर्जाच्या अटी नव्याने ठरवणं. मुदतवाढीची किंमतही पाहून घ्या: वरच्या उदाहरणात दहाऐवजी पंधरा वर्षं केली तर हप्ता १०,७०० वरून ८,७०० वर येतो, पण एकूण भरणा सुमारे २ लाख ८० हजारांनी वाढतो. दरमहा दोन हजारांचा श्वास हवा असेल तर घ्यावी. पुढे पगार वाढला की जादा रक्कम भरून मुदत पुन्हा कमी करता येते. तरत्या (बदलत्या) व्याजदराच्या शैक्षणिक कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. पुनर्रचनेची नोंद मात्र सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या अहवालात दिसते, म्हणून ती शेवटी.

तोंडी विनंतीला शाखेत काही अर्थ नसतो. व्यवस्थापक बदलतो आणि त्याच्याबरोबर तुमचा शब्दही बदलीवर जातो. पत्र साधंच असावं:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: शैक्षणिक कर्ज खाते क्रमांक अमुक, हप्त्यांना सहा महिने स्थगिती मिळणेबाबत. महोदय, मी व माझे वडील वरील खात्याचे कर्जदार आहोत. दि. अमुक रोजी माझी नोकरी संपुष्टात आली असून सेवामुक्ती पत्र सोबत जोडले आहे. दि. अमुकपासून पुढील सहा हप्त्यांना स्थगिती द्यावी व त्यानुसार सुधारित परतफेड तक्ता द्यावा. या काळात दरमहा रु. अमुक इतके व्याज भरण्याची माझी तयारी आहे. निर्णय लेखी कळवावा."

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं. थोडंही भरायची तयारी दिसली की फाइल हलते. सोबत जोडायचं: सेवामुक्ती पत्र किंवा शेवटची पगारपावती, सहा महिन्यांचा बँक उतारा, सहकर्जदाराच्या उत्पन्नाचा पुरावा, आजारपण असेल तर रुग्णालयाचे कागद. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. सहकर्जदाराची सही विसरू नका. शाखेने "वरून कळवतो" म्हटलं तर ईमेलनेही पाठवून ठेवा.

मंजुरी लेखी येईपर्यंत खात्यात हप्त्याएवढी शिल्लक ठेवा. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी तुरुंग नाही. पण खात्यात पैसे नसताना चेक किंवा स्वयंचलित हप्ता परत गेला आणि नोटिशीनंतरही रक्कम भरली नाही, तर तो कायद्याने गुन्हा ठरू शकतो. दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. हा फरक कट्ट्यावर कोणी सांगत नाही.

एनपीए झाल्यावर

आता एक हप्ता भरून खातं नियमित होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. वडिलांचा सिबिलही तुमच्याबरोबर घसरतो, कारण तेही कर्जदार आहेत. धाकट्या बहिणीच्या कर्जाला तोच आडवा येतो.

घर किंवा प्लॉट तारण असेल तर बँक सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्तेवरून वसुली करण्याचा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस काढते. शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, बँकेला त्यावर १५ दिवसांत कारणासह कळवावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. ते पुण्यातही आहे. "तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज बुडतं" या सल्ल्यावर जाऊ नका. मधे एखादी रक्कम भरली किंवा शिल्लक मान्य असल्याच्या कागदावर सही केली की मुदत नव्याने मोजतात.

विनातारण कर्जाला बरा मार्ग म्हणजे तडजोड. बँक ठरावीक रक्कम घेऊन खातं बंद करते, बहुधा व्याजात सूट देऊन. सूट किती, हे खातं किती जुनं आहे आणि तुम्ही किती रोख आणता यावर ठरतं. वर्षातून काही वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दाखलपूर्व (अजून कोर्टात दावा न लागलेल्या) प्रकरणांच्या टेबलांवर बँकेचे लोक बसलेले असतात. कोर्ट फी नाही, वकील लागतोच असं नाही. निवाड्यावर अपील मात्र नसतं, आणि कबूल केलेला हप्ता चुकला तर त्या निवाड्याची हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होते. म्हणून झेपेल तोच आकडा बोला.

तडजोडीनंतर सिबिलवर 'सेटल्ड' असं येतं, 'क्लोज्ड' नाही. गृहकर्ज मागायला जाल तेव्हा हा शब्द नडतो. वडिलांचा भविष्य निर्वाह निधी हातात आला म्हणून घाईने तडजोड करणाऱ्यांना मी नेहमी सांगायचो, थोडे आणखी जमत असतील तर पूर्ण फेडा.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. शेजाऱ्यांना, ऑफिसात सांगून बदनामी करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. २०२४ पासून दंडाचं व्याज लावायलाही मनाई आहे. दंड आकारता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज घेता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सिबिलमधली चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. "सिबिल साफ करून देतो, कर्ज माफ करून देतो" म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

प्राप्तिकराचं थोडक्यात: ज्याला सगळे '८०ई' म्हणतात ती वजावट फक्त व्याजावर मिळते. व्याज भरायला सुरुवात केल्यापासून आठ वर्षं, रकमेला मर्यादा नाही, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. बँकेकडून व्याजाचा दाखला दर एप्रिलमध्ये मागून घ्या.

शेवटचा हप्ता भरलात की 'नो ड्यूज' दाखला घ्या आणि दोनेक महिन्यांनी सिबिल अहवालात खातं बंद दिसतं का ते तपासा. तारण मालमत्तेचे मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. आणि कर्जासाठी वडिलांची विमा पॉलिसी बँकेच्या नावे करून दिली असेल, तर ती पुन्हा त्यांच्या नावावर करून घ्यायला विसरू नका. कर्ज केव्हाच फिटलेलं आणि पॉलिसी अजून बँकेच्याच नावे, अशी कपाटं पेठांमध्ये बरीच निघतील.