खोडावरचे दोन पतंग

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीच्या धड्यात ते चित्र असतं: झाडाचं खोड, त्यावर एक पांढुरका पतंग, एक काळा. खाली इंग्लंडमधल्या धुराड्यांची गोष्ट. ‘काजळीमुळे पतंग काळे झाले’ असं उत्तर मुलं बिनदिक्कत लिहितात. पण एकही पतंग काळा झाला नाही. बदललं ते काळ्या-पांढऱ्यांचं प्रमाण.

धुराने दोन गोष्टी केल्या. झाडांवरचं दगडफूल मेलं (गोडा मसाल्यात पडतं त्याचेच भाऊबंद) आणि साली काळवंडल्या. पांढुरके पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागले. 1848 मध्ये मँचेस्टरला काळा पतंग ही नवलाई होती; 1895 पर्यंत तिथले सुमारे 98 टक्के पतंग काळे होते.

यामागे पक्षी आहेत का, हे तपासलं ऑक्सफर्डचे संशोधक बर्नार्ड केटलवेल यांनी. पंखांखाली रंगाचा ठिपका देऊन त्यांनी पतंग सोडले आणि नंतर सापळ्यांत पुन्हा पकडले. 1953 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात काळ्यांपैकी 27.5 टक्के परत मिळाले, पांढुरक्यांपैकी 13. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ रानात पारडं फिरलं: पांढुरके 12.5, काळे 6.3.

पुस्तकं इथेच थांबतात. केटलवेलनी पतंग दिवसाढवळ्या खोडांवर सोडले होते, हे त्यांत येत नाही. एरवी हे पतंग रात्री उडतात आणि दिवसा बरेचसे फांद्यांवर बसतात. शिवाय पुस्तकांत छापले गेलेले कित्येक फोटो मेलेले पतंग खोडाला लावून काढलेले. हे चव्हाट्यावर आलं तेव्हा उत्क्रांतीच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. फोटो मांडून काढलाय एवढं खाली छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

खरं उत्तर दिलं केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी. सहा वर्षांत त्यांनी 4,864 पतंग सोडले, तेही रात्री, जागा ज्याची त्याने निवडावी अशा बेताने. आता हवा स्वच्छ होती आणि पक्षी काळ्यांनाच जास्त टिपत होते. मजेरस 2009 मध्ये वारले. त्यांची आकडेवारी सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केली. माझ्या मते वर्गात आधी हा प्रयोग सांगावा, मग केटलवेलचा.

काळा रंग आला कुठून, तेही 2016 मध्ये कळलं. ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकात डीएनएचा एक उडता, म्हणजे आपली जागा बदलू शकणारा, तुकडा घुसला होता. संशोधकांच्या अंदाजाने हे घडलं 1819 च्या सुमारास, मँचेस्टरच्या त्या पतंगाच्या तीसेक वर्षं आधी.